चित्रीकरणस्थळांचे पर्यटन : युरोपातील अनुभव आणि रत्नागिरी जिल्हा

प्रस्तावना

युरोपच्या सहलीस निघालेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमपत्रिकेत आल्प्सची हिमशिखरे, पॅरिसचा आयफेल मनोरा आणि रोममधील प्राचीन अवशेष यांच्या जोडीला गेल्या तीन दशकांत आणखी एका प्रकारच्या स्थळांची भर पडली आहे. ही स्थळे इतिहासात गाजलेली नाहीत. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात त्यांचा उल्लेख नाही आणि वास्तुशिल्पाच्या दृष्टीनेही त्यांत फारसे असामान्य असे काही नाही. एखादे आडबाजूचे रेल्वेस्थानक, गावातील छोटासा पूल, तळ्याकाठचा एक धक्का, गल्लीतील एखादे कॉफीगृह असे त्यांचे स्वरूप असते. तरीही हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला पर्यटक तेथे आवर्जून थांबतो, कारण ती जागा त्याने पूर्वी चित्रपटात पाहिलेली असते. अपरिचित देशात परिचयाची खूण भेटल्याचा हा आनंद असतो. या प्रवृत्तीस अभ्यासक ‘चित्रपटप्रेरित पर्यटन’ असे म्हणतात.

कोकणचा निसर्ग आणि तेथील जुनी घरे मराठी चित्रपटांनी व दूरचित्रवाणी मालिकांनी वारंवार पडद्यावर आणली आहेत. साहजिकच ‘युरोपात जे घडले ते येथे का घडू नये’ असा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुढील तीन मुद्द्यांच्या आधारे केला आहे : (१) चित्रीकरणस्थळाचे पर्यटनस्थळात रूपांतर कोणत्या प्रक्रियेने होते, (२) युरोपातील स्थळांना या प्रक्रियेचे लाभ व तोटे कसे झाले, आणि (३) महाराष्ट्रातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, परिस्थितीस त्यांतील काय लागू पडते. चित्रपट एखाद्या स्थळाचे रूप घेतो, परंतु त्याचे नाव घेतोच असे नाही. पर्यटन मात्र नावावाचून चालत नाही, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

संकल्पना आणि स्वरूप

चित्रपट आणि पर्यटन यांच्या संबंधाचा स्वतंत्र अभ्यास प्रामुख्याने १९९० नंतर सुरू झाला. जॉन उरी यांनी ‘द टुरिस्ट गेझ’ (१९९०) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पर्यटक एखादे स्थळ कोऱ्या नजरेने पाहत नाही. चित्रे, छायाचित्रे, पुस्तके, चित्रपट यांनी त्याची दृष्टी आधीच घडवलेली असते. १९९८ मध्ये रायली, बेकर व व्हॅन डोरेन यांनी अमेरिकेतील चित्रीकरणस्थळांचा अभ्यास केला. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर अशा स्थळांना भेट देणाऱ्यांची संख्या वाढते आणि ही वाढ निदान चार वर्षे टिकते, असे त्यांना आढळले. स्यू बीटन यांच्या ‘फिल्म-इंड्यूस्ड टूरिझम’ (२००५) या ग्रंथाने या विषयाची मांडणी अधिक विस्ताराने केली आणि पाहुण्यांच्या लोंढ्याने यजमान गावांवर पडणाऱ्या ताणाकडेही लक्ष वेधले.

या विषयाच्या आकलनासाठी डीन मॅकॅनेल यांचा ‘द टुरिस्ट’ (१९७६) हा त्याहून जुना ग्रंथ विशेष उपयुक्त ठरतो. मॅकॅनेल यांच्या मते पर्यटनस्थळ तीन घटकांनी सिद्ध होते : प्रत्यक्ष दृश्य, ते पाहणारा पर्यटक आणि त्या दृश्याविषयी माहिती देणारी ‘खूण’. ही खूण म्हणजे फलक, नकाशा, मार्गदर्शकाचे कथन किंवा पुस्तकातील वर्णन होय. सामान्य जागेला विशेष स्थान प्राप्त होण्याचे जे टप्पे त्यांनी सांगितले, त्यांतील पहिला टप्पा नामकरणाचा आहे. जागेला नाव मिळते, मग ती वेगळी काढून दाखवली जाते, पुढे तिच्या प्रतिकृती व छायाचित्रे पसरतात. देवस्थानाच्या बाबतीत स्थलपुराण जे कार्य करते, तेच कार्य येथे ही खूण करते.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र एक अडचण उद्भवते. चित्रपटाशी निगडित स्थळे तीन प्रकारची असतात. कथा जेथे घडते असे सांगितले जाते ते ‘कथास्थळ’. कॅमेरा प्रत्यक्षात जेथे लागला ते ‘चित्रीकरणस्थळ’. आणि कलादिग्दर्शकाने उभे केलेले नेपथ्य, म्हणजेच सेट, हे ‘कृतक स्थळ’. ही तिन्ही एकच असतील असे नाही, बहुधा ती नसतातच. स्कॉटलंडच्या इतिहासपुरुषावरील ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण आयर्लंडमध्ये झाले. परंतु चित्रपट पाहून पर्यटक गेले ते स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे. श्रम व भूमी एका ठिकाणची आणि कीर्ती दुसऱ्या ठिकाणाला, असा हा प्रकार होय. कोकणातील उदाहरणांचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

भारतीय चित्रपट आणि युरोप

भारतीय प्रेक्षकाला युरोपचे रंगीत दर्शन घडवणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत राज कपूर यांच्या ‘संगम’ (१९६४) या चित्रपटाचा समावेश होतो. त्यातील व्हेनिस, पॅरिस व स्वित्झर्लंड येथील दृश्ये त्या काळी अपूर्वाईची ठरली. पाठोपाठ शक्ती सामंत यांचा ‘अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस’ (१९६७) आला. तथापि त्या वेळी परदेशप्रवास सामान्य मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होता. पडद्यावरील युरोप पाहून तो जागेवर जाऊन पाहण्याची शक्यता फार थोड्यांना होती.

१९८९ नंतर काश्मीरमधील परिस्थिती बिघडली आणि हिंदी चित्रपटसृष्टीने हिमशिखरांसाठी स्वित्झर्लंडकडे मोर्चा वळवला. यश चोप्रा यांच्या ‘चांदनी’ (१९८९) व ‘डर’ (१९९३) या चित्रपटांतून स्विस निसर्ग प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. आदित्य चोप्रा दिग्दर्शित ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटाने या ओळखीला प्रवासाच्या इच्छेचे रूप दिले. मुंबईतील मराठा मंदिर चित्रपटगृहात या चित्रपटाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये एक हजार आठवडे पूर्ण केले. त्याच्या कथेचा मोठा भाग युरोपच्या रेल्वेप्रवासाचाच आहे. त्यातील त्स्वायझिमेन येथील स्थानक आणि सानेन या गावातील पूल ही ठिकाणे भारतीय पर्यटकांच्या थांब्यांत समाविष्ट झाली. उदारीकरणानंतर वाढलेले उत्पन्न आणि सामूहिक सहलींची सोय यांमुळे याच काळात मराठी मध्यमवर्ग युरोपकडे वळत होता. पूर्वी ‘अपूर्वाई’सारखे पु. ल. देशपांडे यांचे प्रवासवर्णन वाचून ज्यांनी युरोपची कल्पना केली, त्यांच्या पुढच्या पिढीची कल्पना चित्रपटाने घडवलेली होती.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, स्वित्झर्लंडने ही आवड योगायोगावर सोडली नाही. २०११ मध्ये युंगफ्राऊ रेल्वेच्या एका गाडीला यश चोप्रा यांचे नाव देण्यात आले. २०१६ मध्ये इंटरलाकेन येथे त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. ३४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोख या स्थानकात ‘बॉलिवूड’ नावाचे भारतीय उपाहारगृह सुरू झाले. टिटलिस शिखरावर नायक-नायिकेच्या पूर्णाकृती प्रतिमा उभ्या करण्यात आल्या आणि त्यांच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढणे हा सहलीचा जणू एक विधीच होऊन बसला. लाउएनेन येथील तळे तर भारतीय पर्यटकांत ‘चोप्रा तळे’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. मॅकॅनेल यांच्या परिभाषेत सांगायचे तर दृश्य पूर्वीपासून होतेच, स्थानिक संस्थांनी खूण निर्माण केली. पडद्यावर जे अनाम होते त्याला भूमीवर नाव मिळाले आणि ते नाव तिकीट, उपाहार व निवास यांच्याशी जोडले गेले.

पुढे ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) या चित्रपटाने स्पेनविषयी असेच आकर्षण निर्माण केले. मराठी चित्रपटही या बाबतीत मागे राहिला नाही. हेमंत ढोमे दिग्दर्शित ‘झिम्मा’ (२०२१) या चित्रपटात निरनिराळ्या वयांच्या सात स्त्रिया इंग्लंडच्या सहलीस जातात. येथे परदेशातील सामूहिक सहल गाण्याच्या पार्श्वभूमीपुरती न उरता कथेचा मुख्य विषय झाली. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागानेही हीच वाट चोखाळली. चित्रपट पाहून सहल आणि सहलीवर चित्रपट, असे हे वर्तुळ पूर्ण झालेले दिसते.

युरोपातील काही बोधप्रद उदाहरणे

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग हे शहर मूळचे मोत्सार्टचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध होते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) या चित्रपटानंतर मिराबेल उद्यान आणि लिओपोल्ड्सक्रोन प्रासादाचा परिसर पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येऊ लागले. गंमत अशी की, ज्या ऑस्ट्रियात ही कथा घडते तेथील सामान्य जनांना हा चित्रपट फारसा परिचितच नव्हता. तरीही शहराने पाहुण्यांची ही आवड ओळखून मार्गदर्शित सहलींची व्यवस्था विकसित केली. शहराची जुनी ओळख तिने पुसली नाही. चित्रपटासाठी आलेला प्रवासी मोत्सार्टचे घरही पाहतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील ‘पावणेदहा क्रमांकाचा फलाट’ हे त्याहून वेगळे उदाहरण होय. हॅरी पॉटरच्या कथेतील हा फलाट वास्तवात अस्तित्वातच नाही. तथापि स्थानकाच्या भिंतीवर तसा फलक आणि भिंतीत अर्धी शिरलेली सामानाची ढकलगाडी बसवण्यात आली व तेथे छायाचित्रासाठी रांगा लागू लागल्या. दृश्य नसतानाही केवळ खुणेच्या बळावर पर्यटनस्थळ उभे राहू शकते, हे यावरून सिद्ध होते. पॅरिसमधील मोंमार्त्र भागातील एक कॉफीगृह ‘अमेली’ (२००१) या चित्रपटामुळे प्रसिद्धीस आले. तेथे मात्र जागा, व्यवसाय आणि खूण ही तिन्ही एकाच मालकाच्या हाती असल्याने लाभ थेट त्यालाच मिळतो.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रोममधील स्पॅनिश पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खाण्याचे दृश्य ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) या चित्रपटाने अजरामर केले. अखेर २०१९ मध्ये त्या पायऱ्यांवर बसण्यासच बंदी घालण्यात आली व मोडणाऱ्यास दंड ठेवण्यात आला. क्रोएशियातील दुब्रोवनिक या तटबंदीयुक्त शहरास पूर्वीपासूनच पर्यटक येत असत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११ ते २०१९) या मालिकेनंतर तेथील गर्दी इतकी वाढली की नगरपालिकेस बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांवर मर्यादा घालावी लागली. स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ड या लहान गावाचा अनुभव सर्वांत अलीकडचा आहे. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ (२०१९-२०) या कोरियन मालिकेतील एका प्रसंगामुळे तेथील लाकडी धक्क्यावर पर्यटकांची रीघ लागली. गावाने २०२३ मध्ये धक्क्यावर फिरते फाटक बसवून पाच फ्रँक आकारण्यास प्रारंभ केला. थायलंडच्या माया बे या किनाऱ्यावर ‘द बीच’ (२०००) या चित्रपटानंतर लोटलेल्या गर्दीने प्रवाळांची इतकी हानी झाली की २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. तो पुन्हा खुला झाला तो २०२२ मध्ये, मर्यादित प्रवेशासह.

या उदाहरणांतून दोन निष्कर्ष निघतात. लाभ तेथे झाला जेथे स्थानिक संस्थेने खूण स्वतःच्या हाती ठेवली. तोटा तेथे झाला जेथे गर्दी आधी आली आणि नियम नंतर आले.

महाराष्ट्र : पडद्यावरील अनामिक गावे

महाराष्ट्रात बाह्यचित्रीकरणाची परंपरा चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटातील बाह्यदृश्यांसाठी कर्जतजवळील वांगणी या गावाची निवड केली होती. पुढे कोल्हापूर व पुणे येथील चित्रसंस्थांनी आसपासचा परिसर पडद्यावर आणला. मात्र गावाच्या रूपाचा सर्वाधिक वापर आणि नावाचा सर्वाधिक लोप यांचे ठळक उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवली.

वाईजवळच कृष्णाकाठी वसलेल्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. घाटावरील मंदिरात १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. ‘मेणवली दप्तर’ या नावाने प्रसिद्ध असलेला कागदपत्रांचा संग्रह इतिहाससंशोधकांना सुपरिचित आहे. प्रकाश झा यांनी ‘मृत्युदंड’ (१९९७) व ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांत या परिसराला बिहार म्हणून उभे केले. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातील चरणपूर झाले. ‘दबंग’ (२०१०) साठीही वाईने उत्तर प्रदेशाचेच सोंग घेतले. देशभरच्या प्रेक्षकांनी मेणवलीचा घाट पाहिला, परंतु तो मेणवलीचा आहे हे पडद्याने त्यांना सांगितले नाही. ज्यांना ठाऊक झाले त्यांना ते अन्य मार्गांनी कळले. असे पर्यटक येतात तेव्हा घाट पाहतात, क्वचित घंटेपाशी थबकतात. वाड्याचा इतिहास सांगणारा जाणकार भेटला तरच भेटीला अर्थ प्राप्त होतो.

गोव्यातील शापोरा किल्ल्याचे उदाहरण याच्या पुढची पायरी दाखवते. आदिलशाही, पोर्तुगीज व मराठे यांच्या संघर्षाचा साक्षी असलेला हा किल्ला ‘दिल चाहता है’ (२००१) नंतर अनेक पर्यटकांच्या तोंडी त्या चित्रपटाच्याच नावाने रूढ झाला. मेणवलीत नाव झाकले गेले, शापोऱ्यात ते बदलले गेले. दोन्ही ठिकाणी स्थळाची स्वतःची कहाणी मागे पडली.

रत्नागिरी जिल्हा : कथास्थळे आणि चित्रीकरणस्थळे

रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत सर्वाधिक बोलके उदाहरण तुंबाडचे आहे. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड हे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या बृहत्कादंबरीने मराठी वाचकांच्या मनात ते कायमचे कोरले गेले. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे शीर्षक या कादंबरीवरून सुचलेले आहे. कथानक मात्र तिच्याहून सर्वस्वी भिन्न, भयप्रधान आहे. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा नव्या प्रेक्षकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. त्यातील जीर्ण वाडा मात्र खेड तालुक्यातला नसून पुणे जिल्ह्यातील सासवडचा पुरंदरे वाडा आहे. म्हणजे नाव रत्नागिरी जिल्ह्याचे, वाडा पुणे जिल्ह्याचा आणि कथा काल्पनिक. ‘तुंबाड’ पाहून जगबुडीकाठी येणाऱ्या तरुणास तेथे तो वाडा दिसणार नाही. सततच्या पावसाचे दृश्य मनात ठेवून मे महिन्यात आला तर पाऊसही दिसणार नाही. त्याला जे मिळू शकते ते पेंडशांच्या कादंबरीतील खोतीचे, नदीचे व पिढ्यांच्या उदयास्ताचे तुंबाड; परंतु त्याकडे बोट दाखवणारी खूण तेथे असावी लागते.

अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाचे उदाहरण याच्या उलट आहे. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालचित्रपट विभागात ‘क्रिस्टल बेअर’ मिळवणारा आणि २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाची कथा सांगतो. पावसाळी समुद्र, ओल्या पायवाटा आणि ओसाड तटबंदी यांचे त्यातील दर्शन युरोपातील प्रेक्षकांनाही भावले. शीर्षकातील किल्ल्याला मात्र नाव नाही. कोकण किनाऱ्यावर सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंत किल्ल्यांची मालिका आहे. त्यांपैकी कोणत्या वाटेने जावे हे शीर्षक सांगत नाही. कलाकृती म्हणून ते योग्यच आहे, कारण दिग्दर्शकाला किल्ला हे एकाकीपणाचे प्रतीक म्हणून हवे होते. गावाची गरज वेगळी असते आणि ती पूर्ण करणे हे दिग्दर्शकाचे काम नव्हे.

१९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अनुभव येथे विचारात घ्यावा लागतो. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथील वाड्यात २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका चित्रित झाली आणि तो वाडा पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. ही गर्दी कोणत्याही जाहिरातीवाचून जमली, हे तिचे वैशिष्ट्य होय. मात्र घर हे किल्ल्याप्रमाणे सार्वजनिक नसते. कोकणातील घराला अंगण, तुळशीवृंदावन, माजघर व देवघर असते. त्यांत कुठवर यावे याचे संकेत ठरलेले असतात. मालिकेने प्रेक्षकाला माजघरापर्यंत नेलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षातही आपणास तेथवर मुभा आहे असे त्याला वाटते. चित्रीकरणाचे भाडे ठरावीक मुदतीपुरते आणि एकदाच मिळते, पाहुण्यांचा वावर मात्र मालिका संपल्यावरही चालू राहतो. हा हिशेब करार करताना सहसा मांडला जात नाही.

कथास्थळाचे नाव अबाधित राहिल्याचे उदाहरण दापोली तालुक्यातील पालगडचे आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटास १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच कथेवर नवा चित्रपट केला. चित्रपट कोठेही चित्रित होवो, श्यामचे गाव पालगड हे वाचकाला ठाऊक असते, कारण पुस्तकाने ते नाव जपले आहे. गुरुजींचे घर तेथे स्मारकरूपाने उभे आहे. गणपतीपुळ्यानजीक मालगुंड येथे १९९४ मध्ये उभारलेले कवी केशवसुतांचे स्मारक हेही याच जातीचे आहे. देवदर्शनासाठी आलेला भाविक वाट वाकडी करून तेथे जातो, कारण तेथे नाव, वास्तू आणि माहिती ही तिन्ही एकत्र आहेत. साहित्याने जे साधले ते चित्रपटाच्या बाबतीतही साधता येईल, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

अडचणी आणि धोके

रत्नागिरी जिल्ह्याची भूमी दिसते तितकी राकट नाही. चित्रीकरणासाठी मोकळे, विस्तीर्ण क्षितिज हवे असते आणि ते जांभ्या दगडाच्या सड्यांवर मिळते. याच सड्यांवर उक्षी, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आदी ठिकाणी प्राचीन कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. जमिनीच्या पातळीवरच कोरलेली ही शिल्पे जड वाहनाच्या चाकाखाली अथवा बेफिकीर पर्यटकाच्या पायाखाली सहज झिजू शकतात. पावसाळ्यात सड्यावर उमलणारी अल्पायुषी वनस्पतीसृष्टीही तितकीच नाजूक असते.

ऋतुमानाची अडचणही दुर्लक्षण्याजोगी नाही. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा जिल्हा कॅमेऱ्याला पावसाळ्यात हवा असतो. पर्यटक मात्र दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुटीत येतो. पडद्यावरील हिरवे कोकण आणि मे महिन्यातील तांबूस, तहानलेले कोकण यांतील अंतर पर्यटकाला निराश करते आणि पाणीटंचाईच्या दिवसांत यजमान गावावर भार टाकते. याशिवाय भाऊबंदकीतील सामाईक घरे, मुंबईकर हिस्सेदारांची संमती, देवस्थानाचे मानपान आणि देवराईचे नियम हे प्रश्न प्रत्येक गावात असतात. त्यांकडे दुर्लक्ष करून केलेली योजना कागदावरच राहते.

उपाययोजना

वरील विवेचनावरून पुढील उपाय सुचवता येतात.

(१) गावनिहाय नोंद : कोणत्या चित्रपटाचे वा मालिकेचे चित्रीकरण कोणत्या वर्षी, कोणत्या वाडीत, कोणत्या जागी झाले, याची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवावी. प्रत्यक्ष साक्षीदार हयात आहेत तोवरच ही माहिती मिळू शकते. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी, इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्परूपाने हे काम करून घेता येईल. कथास्थळ, चित्रीकरणस्थळ व कृतक स्थळ हा भेद नोंदीत स्पष्ट असावा.

(२) नावाचा आग्रह : चित्रीकरणास परवानगी देताना श्रेयनामावलीत गाव, तालुका व जिल्हा यांचा उल्लेख करण्याची अट घालावी. कथेत गावाला कोणतेही नाव दिले जावो, अखेरच्या श्रेयात त्याचे खरे नाव असावे. गावातील फलकावर आधी गावाची स्वतःची माहिती आणि मग चित्रपटाचा उल्लेख असा क्रम ठेवावा, म्हणजे शापोऱ्याची पुनरावृत्ती होणार नाही.

(३) संमती व मर्यादा : खासगी घराचा पत्ता घरमालकाच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही पर्यटन-पत्रकात देऊ नये. नकार देण्याचा अधिकार हा या व्यवस्थेचा पाया असावा. जेथे संमती आहे तेथे वेळ, संख्या व प्रवेशाची हद्द ठरवावी. इझेल्टवाल्डने गर्दी झाल्यावर जे केले ते येथे आधीच करता येईल.

(४) लाभाचे वाटप : चित्रीकरणाचे भाडे जागामालकाला मिळते, वाहतूक, कचरा व पाणी यांचा भार मात्र सर्व गाव सोसतो. म्हणून भाड्याखेरीज ग्रामपंचायतीस विकासशुल्क मिळावे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथील अनुभव या दृष्टीने अनुकरणीय आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम केले. पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होऊ लागली. पाहुणा घरात जेवतो, पैसा घरात राहतो आणि कासव टिकण्यात गावाचे हित असते. विशेष म्हणजे वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव होय. ‘स्वदेस’मधील घाट पाहणाऱ्यास नानांचे मूळ गाव दाखवणारी एक वाट येथे सहज जोडता येते.

(५) वर्ज्य स्थळे : कातळशिल्पांचे सडे, कासवांच्या विणीचे किनारे आणि देवराया यांची यादी करून तेथे चित्रीकरण व गर्दी या दोहोंना आवर घालावा. ही यादी परवानगी देणाऱ्या प्रत्येक कार्यालयात उपलब्ध असावी.

(६) साहित्य व चित्रपट यांची सांगड : पालगड, मालगुंड व तुंबाड या कथा-कवितेच्या गावांना जोडणारा मार्ग आखून त्यावर चित्रीकरणस्थळांची माहिती द्यावी. चित्रपटाची स्मृती चार-सहा वर्षांत ओसरली तरी साहित्याची स्मृती मार्ग जिवंत ठेवील.

समारोप

युरोपातील स्थळांनी चित्रपटामुळे मिळालेल्या प्रसिद्धीचे पर्यटनात रूपांतर केले. त्यामागे केवळ निसर्गसौंदर्य नव्हते. स्थानिक संस्थांनी खूण निर्माण केली, ती आपल्या हाती ठेवली आणि गर्दी अनावर झाली तेथे उशिरा का होईना नियम केले. रत्नागिरी जिल्ह्याकडे समुद्र, सडे, नद्या, जुनी घरे आणि त्यांना अर्थ देणारे समृद्ध साहित्य आहे. उणीव आहे ती नोंदीची, नावाच्या आग्रहाची आणि पूर्वनियोजनाची. चित्रीकरण संपले की कॅमेरे, दिवे व गाड्या निघून जातात; गावात मागे काय राहावे हे मात्र गावालाच ठरवता येते. घराच्या ओटीपर्यंत कोणी यावे, सड्यावर कुठे पाऊल टाकू नये आणि पाहुण्याला आपल्या गावाची कोणती गोष्ट सांगावी, याचा निर्णय ग्रामसभेने चित्रीकरणाच्या परवानगीबरोबरच घेतला, तर चित्रीकरणस्थळांच्या पर्यटनाचा लाभ जिल्ह्याला मिळेल आणि त्याची किंमत गावांना मोजावी लागणार नाही.